सतरा आल्याशिवाय अठरा नाही

धाकटा मिशनरी होऊन परदेशी निघाला, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने त्याला काही ना काही दिलं. आईने दोन स्वेटर दिले, एक बॅगेत आणि एक भर उन्हात अंगावर. थोरल्या बहिणीने पोट बिघडल्यावर घ्यायच्या गोळ्या दिल्या. वडिलांनी नियम दिला.

"प्रत्येक पत्राला नंबर," ते म्हणाले. "पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यात, वर, गोलात. एक, दोन, तीन. मधलं एखादं गहाळ झालं तर इकडे कळलं पाहिजे."

वडील चौतीस वर्षं पोस्टात सॉर्टर होते. आलेलं टपाल पत्ते वाचून ज्याच्या त्याच्या खणात टाकायचं, हे काम. गल्लीतले लोक त्यांना आदराने पोस्टमास्तर म्हणायचे आणि ते दर वेळी थांबून दुरुस्ती करायचे. "मास्तर नव्हे, सॉर्टर. मास्तर नुसत्या सह्या करतो."

नियमाचं दुसरं कलम घरच्यांसाठी होतं. पत्रं नंबरानेच उघडायची. सहा आलं नसेल तर सात फोडायचं नाही. याच्यामागे इतिहास होता. वडील लहान असताना त्यांच्या मामाचं पत्र आलं होतं, 'टाके काढले, आता काळजीचं कारण नाही.' टाके कशाला घातले होते ते आधीच्या पत्रात होतं, आणि ते पत्र कुठेतरी चार दिवस अडकलं होतं. त्या चार दिवसांत आजीने आपल्या भावाचे दोन्ही पाय, एक मूत्रपिंड आणि शेवटी भाऊच, असं सगळं मनातल्या मनात घालवलं. मागचं पत्र आलं तेव्हा कळलं की मामा सायकलवरून पडला होता आणि टाके तीन होते, हनुवटीला. मामा दुसऱ्याच दिवसापासून सायकल चालवत होता. आजीने मात्र जे अंथरूण धरलं, ते सहा महिने सोडलं नाही.

"चुकीच्या क्रमाने वाचलेलं खरं हे खोट्याहून वाईट," वडील म्हणायचे. हे वाक्य त्यांनी स्वतः तयार केलं होतं आणि त्यांचा त्याच्यावर फार जीव होता.

सोळा पत्रांपर्यंत नियम बिनबोभाट चालला. दर तीन आठवड्यांनी पत्र यायचं. आई घरी शाळेचे गणवेश शिवायची. पत्र आलं की मशीन थांबायचं आणि एखादा शर्ट एका बाहीवर ताटकळत राहायचा. वडील पाकिटावरचा शिक्का बघायचे, पत्र यायला किती दिवस लागले ते बोटांवर मोजायचे, 'बरं आहे' किंवा 'ढिसाळपणा आहे' असा निकाल द्यायचे आणि मगच वाचायला घ्यायचे.

धाकट्याने चौथ्या पत्रात लिहिलं होतं, 'आम्ही जोडीने दारोदार जातो. माझा जोडीदार इतका उंच आहे की दार उघडणाऱ्याला आधी त्याचा पट्टाच दिसतो. इथे गॅसचं मीटर बघणारी माणसंही जोडीनेच येतात. त्यामुळे आम्ही तोंड उघडायच्या आत लोक आम्हाला थेट मीटरपाशी नेऊन उभं करतात. काल पंधरा मीटरं झाली.' नवव्या पत्रात होतं, 'आता मला मीटर वाचता येतं. एका बाईंच्या घरी गळती सापडली. त्या म्हणाल्या, देव तुमचं भलं करो. जोडीदाराच्या मते ही प्रगती आहे, कारण देवाचा विषय त्यांनी काढला.'

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब या पत्रांतले निवडक उतारे वाचून दाखवायचे. मीटरचा भाग ते गाळायचे. मग उरायचं ते हवामान.

सोळाव्या पत्राचा सूर निराळा होता. 'आईबाबा, वर्ष संपत आलं. पहिल्या वर्षानंतर ज्याला परत जायचं त्याने जावं, राहायचं त्याने आणखी एक वर्ष राहावं, असं इथे असतं. माझं काही ठरत नाहीये. काय ते पुढच्या पत्रात कळवतो.'

"येतोय," आई म्हणाली.

"ठरत नाहीये असं लिहिलंय," वडील म्हणाले.

"राहायचं असतं तर ठरलं असतं. न ठरणं म्हणजे यायचं असणं. माझ्या पोटचा आहे तो."

त्याच संध्याकाळी तिने धाकट्याच्या खाटेवरचे कापडाचे तागे खाली उतरवले. वर्षभर त्या खाटेवर निळं पॅन्टचं कापड झोपत होतं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पोस्टमनने ते वडिलांच्या हातात दिलं. वडिलांनी डावा कोपरा बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. गोलात अठरा होतं.

"मागाहून येईल सतरा," असं म्हणून त्यांनी पाकीट कपाटावर ठेवलं.

सतरा आलं नाही. एकोणीस आलं, ते जरा जाड होतं. मग वीस. मग एकवीस. तीन आठवड्यांनी येणारी पत्रं आता आठवड्याला यायला लागली होती, आणि त्यानेच आईचं काळीज जास्त हललं. पोरगं लिहीत सुटलंय म्हणजे काहीतरी झालंय. कपाटावर चार पाकिटं एकावर एक, कडा जुळवून ठेवलेली. रोज सकाळी ती कपाट पुसायची, आणि पाकिटं उचलून, खालची धूळ पुसून, पुन्हा तशीच ठेवायची. वजन करून करून तिला प्रत्येकात किती कागद आहेत ते पाठ झालं होतं.

"अहो, नुसतं अठरा उघडू या. बाकीची राहू द्या."

"आणि त्यात असलं, 'आता ताप उतरला' तर?"

"तर बरंच आहे की, उतरलाय."

"तू आत्ता असं म्हणतेस. मी आजीला बघितलंय."

"तुमच्या आजीला काय बघितलंत, आई होती ती तुमची."

"घरात सगळे आजीच म्हणायचे. तिलाही सवय झाली होती."

वडील काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. त्यांनी पोस्टात गहाळ पत्राचा तक्रार अर्ज दिला आणि धाकट्याला एक ओळ पाठवली, 'क्र. १७ अप्राप्त. नक्कल पाठवणे.' थोरली दवाखान्यात लोकांचं रक्त तपासायचं काम संपवून घरी आली होती, चहा पीत होती. तिने विचारलं, "त्याने नक्कल पाठवली नाही, नुसतं उत्तर दिलं, तर ते कुठल्या पत्रात येणार?"

वडिलांनी हिशेब केला. "बाविसाव्या."

"आणि बावीस तुम्ही कधी उघडणार?"

"सतरा आल्यावर."

थोरलीने कप खाली ठेवला. रोज सुईने लोकांचं रक्त काढणारी ती बाई, पण या घरात कुठे टोचावं हे तिला कधी सापडलं नाही.

आई मग कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन मिशनच्या ऑफिसात फोन करून आली. तिकडच्या कारकुनाने सांगितलं की मुलांना फोन वर्षातून एकदाच, तो यंदाचा होऊन गेलाय. मध्ये जोडायचा तर जवळचं कुणीतरी वारलेलं पाहिजे.

"कोण वारलंय?" त्याने सहानुभूतीने विचारलं.

आईला कपाटासमोर उभे असलेले आपले यजमान आठवले. "अजून कुणी नाही," ती म्हणाली.

बाविसावं पत्र सोमवारी आलं आणि रांगेत बसलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले. ते खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, गणवेशांच्या ढिगाचं कौतुक केलं आणि म्हणाले, "वहिनी, फॉर्म झाला का सही करून?"

"कसला फॉर्म?"

"दुसऱ्या वर्षाचा. मुलाने राहावं याला आईवडिलांची संमती लागते ना. मिशनवाले फॉर्म मुलांकडे देतात, मुलं पत्रातून घरी पाठवतात. महिनाभरापूर्वीच यायला हवा होता."

आईवडिलांनी एकदम कपाटाकडे बघितलं. एकोणीस जाड का होतं ते आईला आता कळलं.

"आलाय बहुतेक," वडील म्हणाले. "पण बंद आहे."

वडिलांनी परिस्थिती समजावून सांगितली. पाळकसाहेबांनी आयुष्यात पुष्कळ लोकांची पुष्कळ दुःखं ऐकली होती, पण ते ऐकताना त्यांना इतक्यांदा डोळे मिटावे लागले नव्हते. "सॉर्टरसाहेब, तुमचं तुम्ही बघा," ते शेवटी म्हणाले. "मला शनिवारी संध्याकाळी यादी पाठवायची आहे. फॉर्म आला तर आला. नाही आला तर घरच्यांची तयारी नाही असं धरतात. मुलाला काही विचारत नाहीत. पुढच्या महिन्यात तिकीट काढून घरी."

"घरी म्हणजे इथे?" आईने विचारलं.

"इथेच की."

पाळकसाहेब गेले. वडील उठले, कपाटापाशी गेले, थांबले, मान खाजवली. "हे बघ," ते म्हणाले, "नियम नियमाच्या जागी. पण सरकारी कागद आत असला तर टपालखात्यातसुद्धा अपवाद..."

"काही अपवाद नको," आई म्हणाली.

"काय?"

"सतरा आलं नाही. अठरा उघडायचं नाही." तिने पाय मारून मशीन सुरू केलं. "आजींचं काय झालं होतं, विसरलात वाटतं."

तिथून पुढे चार दिवस त्या घरात जगाची उलटापालट झाली. वडील कपाटाभोवती घुटमळायला लागले आणि आई राखणीला बसली. वडील म्हणाले, एकोणीस नुसतं उजेडात धरून बघतो. आई म्हणाली, डोळ्यांना त्रास होईल. वडील म्हणाले, पोस्टात फुटलेलं पाकीट आलं तर आम्ही आतलं बघायचोच. आई म्हणाली, हे कुठे फुटलंय? बुधवारी वडिलांनी पाकिटं चुकून खाली पाडून बघितली, दोनदा. एकही फुटलं नाही. तिकडचा डिंक चांगला असतो, असं ते खिन्नपणे म्हणाले.

आईने धाकट्याच्या खाटेला नवी चादर घातली. उशीचा अभ्रा शिवला. उरलेल्या कापडात आणखी एक बसत होता म्हणून तोही शिवला. तिला काहीच करायचं नव्हतं. नुसतं काही न करता बसलं की मूल घरी येणार होतं, आणि खापर फुटणार होतं ते नवऱ्याच्या नियमावर. एवढं आयतं सुख तिच्या वाट्याला लग्नानंतर पहिल्यांदाच आलं होतं.

शुक्रवारी थोरली दारात चप्पल काढता काढता म्हणाली, "आई, त्याला यायचंच असेल तर प्रश्न नाही. पण राहायचं असेल तर?"

"तर काय. येईल, चार दिवस फुगून बसेल, मग जेवेल."

"विचारेल की, फॉर्म का नाही पाठवलात."

"सांगू, मिळाला नाही."

"मग तो म्हणेल, पोस्टाने घोळ घातला. जन्मभर म्हणेल."

आतल्या खोलीत वडिलांना ठसका लागला.

 आईने शर्टाला बाही लावायला घेतली. गेले चार दिवस ती धाकटा घरी कसा येईल ते मनात बघत होती. रिक्षातून उतरतोय, बॅग जड आहे, तो वाळलाय, स्वेटर अंगात आहे. इथपर्यंत सगळं छान व्हायचं. मग तो उंबरठ्यावर यायचा आणि तिच्याकडे बघायचा, आणि आता पुढे काय म्हणेल हे काही केल्या तिला ऐकू येईना. एरवी तिच्या मनातला धाकटा भारी बडबड्या होता. गेले चार दिवस तो उंबरठ्यावर येऊन गप्प उभा राहत होता.

बाही उलटी लागली. वीस वर्षांत तिची बाही उलटी लागली नव्हती.

तिने मशीनवरची कात्री उचलली. ती कापडाची कात्री होती, आणि कापडाची कात्री कागदाला लावली की धार जाते म्हणून त्या घरात कागदाच्या जवळपासही ती जायची नाही. थोरलीने लहानपणी त्या कात्रीने एकदा चित्र कापलं होतं, त्याची आठवण अजून निघायची. आई उठली, कपाटावरून पाचही पाकिटं काढली आणि त्या कात्रीने एकामागून एक कापली, अठरापासून बाविसापर्यंत.

"नंबराने वाच," दारात येऊन वडील हळूच म्हणाले.

"नंबरानेच वाचतेय. बसा."

अठरा एका पानाचं होतं. 'आईबाबा, सतरा नंबर मी अजून लिहिलेलं नाही. राहायचं की यायचं ते कळवायला तो नंबर राखून ठेवलाय, कारण पुढच्या पत्रात कळवतो असं मी सोळात म्हटलं होतं, आणि सोळाच्या पुढचं सतरा. ठरलं की लिहीन. तोवर अठरापासून पुढे चालू. बाबांना क्रम मोडलेला आवडत नाही म्हणून मुद्दाम सांगतोय.'

 थोरली तोंडावर ओढणी धरून खिडकीपाशी गेली. तिचे खांदे हलत होते.

"राखीव," वडील म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता आणि नाइलाजाने थोडा अभिमानही होता. "नंबर राखून ठेवला त्याने. पण मग आधी कळवायला नको?"

"कळवलंय. अठरात."

एकोणिसात फॉर्म होता, कोरा, आणि एक चिठ्ठी, 'तुम्हीच सांगा काय करू.' विसाव्यात होतं, 'उत्तर नाही आलं. म्हणजे तुम्ही म्हणताय, माझं मी ठरवावं. मोठं मन लागतं त्याला.' आईने ही ओळ घाईघाईने वाचली. पुढे एका सहा मजली इमारतीची हकीकत होती. तिथली लिफ्ट बंद पडली होती आणि वर सगळी म्हातारी माणसं. धाकटा आणि त्याचा जोडीदार रोज सकाळी त्यांचं सामान, औषधं आणि एकदा एक आजोबाच खुर्चीसकट वर नेऊन ठेवत होते. एकविसाव्यात होतं, 'रविवारी प्रार्थनेला नऊ माणसं आली. आजवर दोन यायची, त्यातला एक मी. नवांपैकी सहा जणांना वाटलं की लिफ्टबद्दल सभा आहे. तसं नाही म्हटल्यावरही उठून कुणी गेलं नाही. पाचव्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, आलोच आहोत तर लिफ्टसाठी प्रार्थना करा. केली. अजून बंद आहे, पण आता सगळे मिळून वाट बघतात.'

बाविसावं चार पानांचं होतं.

'बाबांची ओळ मिळाली. सतरा अप्राप्त. म्हणजे तुम्ही अठरा उघडलेलंच नाही. म्हणजे हेही उघडणार नाही. पाकिटावर बाहेर लिहिता आलं असतं, पण पत्त्याशिवाय काही लिहिलं की सॉर्टरचा वेळ जातो, हे मी लहानपणापासून ऐकलंय. तर हे पत्र कुणी वाचणार नाही. आज पहिल्यांदा मला पत्र लिहिताना मोकळं वाटतंय.

'आई, पहिले तीन महिने मी रोज न्हाणीघरात नळ सोडून रडायचो. जोडीदाराला वाटायचं मी फार स्वच्छ आहे. तुला लिहिलं नाही, कारण तू दुसऱ्या दिवशी विमानतळावर उभी राहिली असतीस. हल्ली रडायला वेळ मिळत नाही. सकाळी जिन्यात पायांचा आवाज आला की वरची माणसं दारं उघडतात, आणि आता मीटर दाखवायला नाही. मला इथे अजून एक वर्ष राहायचंय. हे तुमच्यासमोर म्हणायची हिंमत होत नव्हती, म्हणून सतरा लिहून होत नव्हतं. रोज बसायचो आणि तुझा चेहरा दिसायचा. तू खाटेवरचे तागे उतरवले असशील. ते परत वर ठेवायला सांगायचं कसं?'

इथे आईने पत्र थोरलीकडे दिलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. नळ सुटल्याचा आवाज आला.  थोड्या वेळाने नळ बंद झाला आणि ती पदराने हात पुसत आली.

"पेन द्या," ती म्हणाली.

वडिलांनी खिशातलं पेन काढून दिलं. तिने सही केली. तिच्या खाली वडिलांनी केली आणि सवयीने तारीख दोनदा घातली. मग ते पाकिटांकडे बघत बसले. "म्हणजे सतरा नंबर बाविसाच्या नंतर येणार," ते म्हणाले. "ते लावायचं कुठे?"

"मी सांगू का कुठे ते?" आई म्हणाली, आणि त्यांनी विषय सोडला.

शनिवारी दुपारी दोघं फॉर्म घेऊन पाळकसाहेबांकडे गेली. वडिलांनी फॉर्म पोस्टाने पाठवायचं सुचवून पाहिलं होतं. पाळकसाहेबांचं घर चार दारं सोडून होतं. पाळकसाहेबांनी कागद उलटसुलट बघितला, सह्या तपासल्या, यादीत नाव चढवलं आणि विचारलं, "सतरा आलं म्हणायचं एकदाचं?"

"नाही," वडील म्हणाले. "हिने परस्पर उघडली."

"देवाने बुद्धी दिली, वहिनी."

"देवाने नाही, कात्रीने. धार गेली तिची." आई खुर्चीच्या कडेवर बसली होती. ती काहीतरी विचारायला आली होती आणि ते विचारावं की नाही हे तिचं ठरत नव्हतं. "पाळकसाहेब, हे दुसरं वर्ष झाल्यावर तिसरं असतं का?"

"नसतं. दोनच."

"नक्की?"

"हां, एखाद्याने स्वतःहून मागितलंच तर..."

"त्याचाही फॉर्म असतो?"

"असतो."

"तो त्याला देऊच नका," आई म्हणाली. "विचारलंन तर सांगा, पोस्टात गहाळ झाला."

वडिलांनी तोंड उघडलं. तिने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी ते पुन्हा मिटलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरावर पुढचं वर्ष संपायला किती महिने उरले ते बोटांवर मोजायला लागले. आईचे मोजून झाले होते. घरी जाऊन तिला अजून बारा शर्टांच्या बाह्या लावायच्या होत्या, आणि तागे ठेवायला खाट मोकळी होती.